वरचा एक

१० मार्च

जे तोंडावर बोलता येत नाही ते आजपासून इथे लिहायचं ठरवलं आहे. नाहीतर एखाद दिवशी बापूराव सरांना डस्टर फेकून मारेन आणि नोकरी जाईल.

बापूराव सर आमचे मुख्याध्यापक. शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी, त्यामुळे मुख्याध्यापक म्हणजे काय, तर कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. आज दुसरीला गुणाकार शिकवायला घेतला आणि हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, सत्यशीला मॅडम, पोट्ट्यांना पाढे पाठ द्या आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं, सर, बे दुणे चार पोपटही म्हणतो, बे दुणे म्हणजे काय ते किती जणांना येतं? त्यावर नुसतं हसले. ते हसू पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी व्हरांड्यात खडूनं चौकटी आखल्या. आडव्या ओळी तीन, प्रत्येक ओळीत चिंचोके चार. मोजले, बारा. मग सगळ्यांना उठवून बाजूला नेऊन बसवलं. आता त्याच चिंचोक्यांच्या ओळी झाल्या चार आणि प्रत्येकीत तीन. चिंचोका एकही जागचा हलला नाही. पोरं या बाजूनं त्या बाजूला पळायला लागली, खरंच तेवढेच आहेत का ते बघायला. तेवढी पाच मिनिटं मला कोणाचाच राग आला नाही.

१२ मार्च

आज पोरांच्या हातात चिंचोके दिले आणि सगळा विचका झाला.

तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार मांडा, एवढंच सांगितलं होतं. मांडले. पण प्रत्येक ओळीच्या टोकाला, जरासा बाजूला, आणखी एक. एकानं नाही, वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी. मी विचारलं किती झाले? सगळे एका सुरात, बारा! मी म्हटलं डोळे फुटले का, नीट मोजा, पंधरा आहेत. पुढे बसणारी चंचल अगदी शांतपणे म्हणाली, "वरचे नाई मोजत, मॅडम."

मोजत नाही म्हणजे काय? समोर दिसतो ना? हाताला लागतो ना? मग तो मोजायचा. मी तिला विचारलं, वरचा कशाला ठेवला? म्हणे, ठेवावाच लागते. कोण म्हणतं ठेवावा लागतो? त्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी येड्यासारखं विचारते आहे.

आता समजलं. हा बापूराव सरांचा प्रताप. पहिलीत बेरीज त्यांनी शिकवली, हातचा वर लिहायचा, हातचा वर लिहायचा असं घोकून घेतलं, आणि पोरांनी तो हातचा गुणाकारात आणून ठेवला. न समजता पाठ केलं की हेच होतं. उद्या सरांना सुनावणार आहे.

१३ मार्च

सुनावलं. म्हणाले, माझ्या हातच्यानं तुमच्या चिंचोक्यांचं काय बिघडवलं? आणि परत हसले.

१७ मार्च

आज इंदुताई, चंचलची आई, शाळेत आली होती. चंचलचा बाप तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे. गावातली निम्मी माणसं जानेवारीत जातात, पोराबाळांसकट. चंचललाही नेणार होते. मी घरी जाऊन भांडले, चांगली तासभर भांडले, तेव्हा इंदुताई पोरीला घेऊन मागे राहिली. पण तिनं अट घातली आहे आणि आज तीच आठवण करून द्यायला आली. म्हणाली, "पोरीले हिशोब आला पायजे मॅडम. नाई तं पुढच्या साली तिचे हात मले लागतात."

आठ वर्षांच्या पोरीचे हात! मी म्हटलं, येईल हिशोब, मी आहे ना. म्हटलं खरं. आत वर्गात तीच पोरगी पाच ओळींवर पाच चिंचोके जास्तीचे ठेवून बसली होती.

१९ मार्च

मधल्या सुट्टीत या पोरांनी एक नवीनच खूळ काढलं आहे. पळसाची पानं गोळा करायची, चार-चार पानांची घडी करून काडी टोचायची आणि पटांगणभर ओळीत मांडायची. मग दिव्यानी हातात काठी घेऊन ओळींमधून फिरते. दिव्यानी म्हणजे माझे घरमालक नानाजी, त्यांची नात, तिसरीतली. ही एखादी घडी पायानं उडवते आणि म्हणते, हे नाई चालत. बाकीचे तिच्या मागे हात जोडून. फळी-फळी की काय म्हणतात त्याला.

सगळं पटांगण पाल्यानं भरलं. झाडणार कोण, मी? चांगली लंगडी खेळा, लगोरी खेळा म्हटलं आणि सगळा पाला गोळा करायला लावला. दिव्यानी फुगून बसली. संध्याकाळी तिनं आजोबांना सांगितलं असणार, पण नानाजी काही बोलले नाहीत. रोजच्यासारखा दुधाचा गडवा दाराशी ठेवून गेले. गेल्या जुलैपासून त्यांच्या पुढच्या खोलीत राहते आहे, एक दिवस दुधाचा खाडा नाही. या गावात माणसासारखा माणूस म्हणाल तर हा एकच.

२८ मार्च

लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर जेवण जाणार नाही.

आज शिक्षण परिषद आमच्या शाळेत होती. केंद्रातले सगळे शिक्षक आले होते. नमुना पाठ माझा, 'ओळी-रांगांमधून गुणाकार'. पंधरा दिवस मी पोरांच्या मागे लागले होते, वरचा ठेवायचा नाही, वरचा ठेवायचा नाही. ठेवणंही बंद झालं होतं. म्हणून भरवशानं चंचलला पुढे बोलावलं. चार ओळी, प्रत्येकीत पाच. पोरीनं सुरेख मांडले. मग केंद्रप्रमुख खुर्चीवरून उठले आणि हातातली छत्री टेकवत ओळींच्या बाजूनं बघत चालायला लागले. ते जवळ येताहेत हे बघितलं आणि पोरीनं भराभर चार चिंचोके खिशातून काढून चार टोकांना ठेवले.

केंद्रप्रमुखांनी विचारलं किती? वीस. त्यांनी छत्रीच्या टोकानं मोजले, चोवीस. सगळा हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, त्यापेक्षा पाढे परवडले बाप्पा.

मी चंचलच्या पुढ्यातले चिंचोके मुठीत उचलले आणि भिंतीवर फेकले. सगळ्यांसमोर. ती रडली नाही. गुडघ्यावर बसून एक-एक वेचला आणि डब्यात भरून डबा माझ्या टेबलावर ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं.

बापूराव सरांनी मात्र आज हसणं टाळलं. चहा दिला. त्याचाही राग आला.

२ एप्रिल

चंचलशी चार दिवस बोलले नाही. आज तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, केंद्रप्रमुख जवळ आले तेव्हाच का ठेवलेस? खाली बघून म्हणाली, "काठी आली ना."

छत्री होती ती, म्हटलं. काही समजत नाही या पोरीचं. परत पहिल्यापासून. दोन ओळी, तीन-तीन. वरचा नाही. बघ, दोन त्रिक सहा, जमिनीवर सहा, तोंडात सहा. जे जमिनीवर तेच तोंडात, याला हिशोब म्हणतात. तिनं बराच वेळ त्या सहा चिंचोक्यांकडे बघितलं आणि विचारलं, "मंग बोलणार नाई का कोणी?"

मी म्हटलं, कोण बोलणार? मी बोलते तेवढं पुरे नाही का?

१ मे

निकाल वाटला. दुसरीचे सगळे पोट्टे गुणाकार मांडून दाखवतात, उलटा-सुलटा दोन्हीकडून, आणि वरचा एकही नाही. चंचल तर आता डोळे मिटून सांगते, सहा ओळी सात-सातच्या म्हणजे सात ओळी सहा-सहाच्या. इंदुताईला बोलावून दाखवलं. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ठीक आहे, राहू द्या शाळेत. बस्स. एवढ्यासाठी मी चार महिने रक्त आटवलं.

परवाच्या गाडीनं चामोर्शी आणि तिथून नागभीडला. आईच्या हातचं खाईन आणि दोन महिने कोणावर ओरडणार नाही.

३ मे

गेले नाही. बॅग खांद्यावर घेऊन रस्त्याला लागले होते, तेवढ्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे विडीची पानं मोजून घ्यायची जागा, दिसली.

आमचं घर नागभीडला स्टेशनजवळ. तेंदूपानं मी पाहिली ती मालगाडीच्या पोत्यांत. गावात शाळेत आले जुलैत, म्हणजे इथला मे मी पाहिलाच नव्हता. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात बायका जंगलातून आणलेली पानं घेऊन बसल्या होत्या. सत्तर पानांचा एक पुडा, सालीच्या दोरीनं बांधलेला. हे पुडे जमिनीवर ओळीत मांडत होत्या. एका ओळीत वीस. अशा पाच ओळी म्हणजे शंभर. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला, जरासा बाजूला, वरचा एक.

मी तिथेच बॅग खाली ठेवली.

काठी हातात घेऊन ओळींमधून फिरत होते नानाजी. फळीचे दिवानजी तेच. ठेकेदाराच्या वतीनं पुडे मोजून घेणारा माणूस म्हणजे दिवानजी. काठीच्या टोकानं ओळी मोजत ते शंभर म्हणायचे आणि पुढे सरकायचे. जमिनीवर एकशेपाच, तोंडात शंभर. इंदुताई हात जोडून मागे उभी. तिच्या ओळींची टोकं चंचल लावत होती. माझ्याकडे बघितलं आणि हातातला वरचा पुडा तिनं पाठीमागे लपवला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी या पोरांना येडी समजले! येडी नव्हती ती. त्यांना जगातला एकच गुणाकार आधीपासून येत होता आणि तो चोरीचा होता.

४ मे

सकाळी गडवा ठेवायला आले तेव्हा दारातच नानाजींना धरलं. त्यांनी ओटीवर बसून शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, माया बापाच्या टायमापासून वरचा चालू हाये. फळी शाळेवानी नाई चालत मॅडम. पुडे सुकतात, किडा लागते, बोदात, पोत्यात भरताना फुटतात, ते मी कुठून भरून देऊ? मी म्हटलं, ते ठेकेदाराला सांगा. इंदुताईनं पहाटेपासून जंगलात वाकून तोडलेल्या पानांतून का भरता? वीस पुड्यांमागे एक, म्हणजे तिनं वाघाच्या रानात वीस दिवस घालवले तर त्यातला एक दिवस नुसता तुमच्यासाठी.

ते म्हणाले, "तुमी बरोबर बोलून राह्यल्या. पण तुमाले अर्धंच दिसून राह्यलं."

म्हातारा गोड बोलतो. असल्या माणसाचं दूध प्यायले मी दहा महिने! गडवा परत देऊन टाकला.

५ मे

आज संध्याकाळी फळीवर गेले आणि सगळ्यांसमोर इंदुताईच्या ओळींचे पाचही वरचे पुडे उचलून तिच्या पदरात टाकले. म्हटलं, वीस पंचे शंभर. तुमच्या पोरीला येतं, तुम्हालाही आलं पाहिजे. मग बाकीच्या बायकांच्या ओळींकडे वळले आणि त्यांचेही वरचे काढायला लावले. फळीवर एवढी शांतता मी शाळेत कधी ऐकली नाही.

इंदुताईचा चेहरा उतरला होता. घाबरली बिचारी. नानाजींनी काठी बगलेत धरली, म्हणाले, ठीक आहे, आता मोजूनच घेऊ.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ आज झाला.

७ मे

मोजून म्हणजे कसं ते आज समजलं. थेरड्याला नियम आठवले!

नानाजी खाली बसले आणि पुडे सोडून पानं मोजायला लागले. सदुसष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. हे नाई चालत, म्हणून काठीनं बाजूला. पान लहान, बाजूला. पानावर ठिपका, बाजूला. जवळच्या रानातली जुनी पानं कालपर्यंत चालत होती, ती आज चालत नाहीत. इंदुताईचे शंभरातले अडतीस बाद. सगळ्यांचे तसेच. बायकांनी बाद झालेले पुडे पदरात भरले. भांडल्या असत्या तर मी ऐकवलं असतं. सगळ्या उठून माझ्या शेजारून निघून गेल्या.

घरी आले तर दाराशी गडवा. माझी फळीवर अशी फजिती करून वर दूध! सांडून टाकावं वाटलं. पण दूध सांडवत नाही माझ्याच्यानं. प्यायले.

९ मे

इंदुताई आली होती. आजवर या बाईनं माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. आज उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली. आत या म्हटलं तर आली नाही.

"सत्तर पानं कोण मोजते मॅडम? मुठीनं बांधतो आमी. तीन-चार कमी भरते. म्हणून वरचा देतो. तो आमाले सांभाळून घेते, आमी त्याले. तुमी त्याले हिशोब शिकवला. आता तो हिशोबानं घेऊन राह्यला."

मी म्हटलं, मग मोजून बांधा. म्हणाली, मोजाले वेळ कुठी हाये? पानं आता आतल्या रानातून आणावी लागतात, मोठी पाहून. नाल्याच्या पलीकडे वाघीण फिरते, गार्ड रोज सांगून जातो, एकटीनं जाऊ नका म्हणून. एका बाईच्यानं होत नाही. उद्यापासून चंचल तिच्यासंगं जंगलात जाणार आहे. आणि जूनमध्ये शाळेचं काही खरं नाही. जानेवारीत मिरचीला नेतो, म्हणाली.

मी ओरडले, आठ वर्षांची आहे ती! इंदुताई म्हणाली, "तिचे हात मी मागितले नाई. तुमी मोजाले लावले."

गेल्यावर वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. वीस पुडे, प्रत्येकात तीन-चार पानं कमी, म्हणजे सरासरी साडेतीन. सत्तर आले. बरोबर एक पुडा. पुन्हा केला, पुन्हा सत्तर. इतका संताप झाला की पेनाचं टोक मोडलं. बरं, ज्याचे पुडे पुरते भरतात त्याच्याकडूनही हा म्हातारा वरचा घेतोच की नाही? मग? त्याचं उत्तर कोण देणार? माझं चुकलं असं म्हणायला मी काही बांधील नाही.

पण पोरीला जंगलात जाऊ द्यायची नाही.

१० मे

पहाटे इंदुताईच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, हातच लागतात ना? माझे घ्या. चंचल घरी राहील. इंदुताईनं माझ्या चपलांकडे बघितलं, आत गेली आणि नवऱ्याचे बूट आणून माझ्यापुढे टाकले. मोठे होत होते, चिंध्या कोंबून घातले.

आम्ही बाराजणी गेलो. बायका जंगलात सारख्या बोलत राहतात, मोठमोठ्यानं, भांडतात, हसतात, एक जण डबा बडवते. माझ्याशी मात्र कोणी बोललं नाही. नाल्याच्या वाळूत पंजा उमटलेला होता, माझ्या अख्ख्या हाताएवढा, कडा अजून ओल्या. डबा बडवणारी थांबली. सगळ्या जवळ-जवळ आल्या आणि इंदुताईनं माझं मनगट धरलं. मग सगळ्या पलीकडे गेल्या. कोणी परत फिरू म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं, पण मीही त्यांच्यामागे गेले. पुढचा सगळा वेळ मी पान तोडलं की मागे बघायची, तोडलं की मागे बघायची. पाठ मोडली, बोटांना फोड आले. सगळ्या जगाचा राग आला. ठेकेदाराचा, नानाजींचा, ज्या कोणी सत्तर हा आकडा ठरवला त्याचा, आणि रानात पाय न टाकता विडी ओढणाऱ्या एकूण एक पुरुषाचा.

दुपारी इंदुताईच्या ओसरीवर पानं ओतली. पुडे बांधायला घेतले तर चंचल म्हणाली, थांबा. पानं घेतली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर दहा-दहाची ओळ लावायला लागली. एकाखाली एक, सात ओळी. मग एक-एक मोजायचं कामच नाही. सात ओळी दिसल्या की उचल आणि बांध. एखादी ओळ आखूड पडली तर लगेच नजरेला येते. इंदुताई आधी कुरकुरली, कशाला वेळ घालवते म्हणून. मग बघत राहिली. पोरीचा हात इतका चालायला लागला की बांधणाऱ्या आम्ही दोघी मागे पडलो. मी हे शिकवलं नव्हतं. सात ओळी दहा-दहाच्या मी वर्गात कधी मांडल्याच नाहीत, आमच्या व्हरांड्याच्या चौकटीत तेवढी जागाच नाही.

संध्याकाळी फळी. इंदुताईनं तिच्या ओळी लावल्या. माझ्या हातची पानं एका ओळीपुरतीच भरली, वीस पुडे. मी ते लावून मागे उभी राहिले. नानाजी काठी घेऊन येत होते. आमच्या आधी बुधरीचे पुडे होते. साठीची बाई, पहाटे डबा बडवणारी तीच. तिचे सात बाजूला उडवले. बुधरी खाली बसून उडालेले पुडे गोळा करायला लागली. काठी माझ्या ओळीकडे वळली.

आणि मी काय केलं? इंदुताईच्या ढिगातला एक पुडा उचलला आणि ओळीच्या टोकाला ठेवला. वरचा. मी, सत्यशीला, जी पाच दिवसांपूर्वी याच जागेवर वीस पंचे शंभर म्हणून गरजली होती. विचार केला नाही. सकाळपासून अंगात जी भीती भरली होती तिनं हात पुढे केला. परत नको जायला त्या नाल्यापलीकडे, एवढंच डोक्यात होतं.

चंचल पुढे आली. तो पुडा उचलला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "मॅडम, कमी असलं तं वरचा लागते. यात सात ओळी दहा-दहाच्या मी सोता लावल्या. कमी नाई हाये."

हळू बोलली होती, पण फळीवर सगळ्यांनी ऐकलं. नानाजी थांबले. उकिडवे बसले, माझा एक पुडा सोडला, अंगठ्याला थुंकी लावून मोजला. सत्तर. दुसरा सोडला. सत्तर. इंदुताईच्या ओळीतला मधलाच एक ओढला. सत्तर. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, म्हणाले, "हाव. नाई लागत." आणि वीस म्हणून पुढे सरकले. पुढच्या बाईनं, माझं बघून असेल, ओळीवर वरचा ठेवला होता, तिथेही त्यांनी एक पुडा सोडून मोजला. अडुसष्ट भरले. तो वरचा राहू दिला. बाद मात्र काही केलं नाही.

बुधरी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चंचलला विचारलं, उद्या आमच्या ओसरीवर येतं का गं? आणखी दोघीतिघी वळून बघायला लागल्या.

इंदुताईनं पोरीला आपल्याजवळ ओढलं. म्हणाली, उद्यापासून हे पोरगी रानात येत नाही, घरी बसून सगळ्याइची पानं लावन. आणि जूनले शाळेत जाईन. पोरीचा विषय मिटला. मी घरी निघणार, तोच ती माझ्याकडे वळली.

"तुमी मात्र चार वाजता तयार राहा मॅडम. तोडाले एक हात कमी पडते."

माझी सुट्टी आहे. माझी बॅग आठवडाभर भरून पडली आहे, आई रोज फोन करते. बोटांनी भाताचा घास धरवत नाही. तो पंजा डोळ्यांसमोरून जात नाही. हे सगळं तिला सांगणार होते. चंचल माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. बरं, म्हटलं.

घरी येऊन बूट भिंतीशी ठेवले. दाराशी गडवा होता, तो आत घेतला. या गावात मला कोणी काही विचारत नाही, नुसतं सांगतात. राग अजून तसाच आहे. गजर साडेतीनचा लावला आहे.